कमानीवरची सुनाखरी

मित्रांनो, मी सुनाखरी, तुम्ही ऑर्किड म्हणता ती. फुलवाल्याच्या काचेमागे कुंडीत मिरवते ती माझी लांबची बहीण. तिला कुंडी मानवते, मला नाही. मी डोंगरातली आहे, जंगली आहे आणि बरीच जुनी आहे. तिंबुरे गावाच्या वरच्या डांड्यावर, म्हणजे डोंगराच्या धारेवर, एका कटुसाच्या झाडाची आडवी फांदी मी दोन्ही बाजूंनी वेढून टाकली होती. आमची वाढ वर्षाला एखाद्या कंदाची. तेव्हा माझं वय तुम्हीच ठरवा, मला विचारू नका.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण तिच्यापायी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या बोलणी खाल्ली आहेत. मी झाडाचं खात नाही. बांडगूळ वेगळं आणि मी वेगळी. माझी मुळं हवेत लोंबतात, धुकं पितात, सालीवरच्या शेवाळातली ओल मला पुरते. मी झाडाला भाडं देत नाही हे खरं, पण घरमालकाच्या ताटातला घासही उचलत नाही.

माझं बी म्हणजे निव्वळ धूळ. एका बोंडातून लाखो बिया उडतात आणि त्यातली एखादी नेमक्या झाडावर, नेमक्या शेवाळात पडते. तिथंही एका विशिष्ट बुरशीनं तिला पोटाशी धरावं लागतं, तेव्हा कुठं ती जगते. मी जगले. पहिलं फूल यायला मला आठ-नऊ वर्षं लागली. पांढरीशुभ्र पाकळी आणि आत सोनेरी जीभ. पाहायला कोण होतं म्हणता? एक भुंगा आला होता. तो जिभेवर बसला, काही मिळालं नाही म्हणून चिडला आणि निघून गेला. आमच्या कौतुकाची सुरुवात ही अशी झाली.

खरं कौतुक केलं ते हर्कमायानं. ती राई लोकांची सून, पलीकडच्या खोऱ्यातून लग्न होऊन आलेली. पाठीवर डोको नावाची बांबूची टोपली घेऊन ती चारा कापायला वर यायची. टोपलीचा पट्टा कपाळावरून उतरवायची आणि माझ्या फांदीखाली टेकायची. सासरच्या तक्रारी ती मलाच सांगायची. नवरा दूर कुठल्याशा छावणीत शिपाई होता, घरात शब्द चालायचा तो थोरल्या दिराचा. चैत महिन्यात मी फुलले की ती वर बघून म्हणायची, "एकच घेते हं." आणि खरोखर एकच घ्यायची. केसांत खोवायची आणि भारा उचलून खाली जायची. इतकी वर्षं ती आली, पण तिच्या विळ्याचा माझ्या मुळाला कधी धक्का लागला नाही. मी तिला माझी म्हणत होते. आता म्हणत नाही, पण ते पुढे येईलच.

माझ्यासारख्या त्या डांड्यावर शेकड्यांनी होत्या. पिवळ्या, जांभळ्या, हिरवट, नखाएवढ्या, हाताएवढ्या. आमच्या त्या डांड्याच्या पोटात चांगला दगड आहे, असं कुणाला तरी कळलं आणि आमचे ग्रह फिरले. एका ठेकेदारानं खाणीचा परवाना मागितला. गावातले पुरुष म्हणाले, सरकारशी कोण भांडणार. हर्कमाया भांडली. डोको उतरवून ठेवायची आणि चार तास जीपनं खाली उतरून कचेरीत जायची. चार वर्षं तिनं चपला झिजवल्या. अर्ज दिले, बायकांचे अंगठे घेतले, एकदा तर साहेबाच्या दारात गुंद्रुकाच्या आंबट भाजीचा डबा उघडून जेवायला बसली, की भेटल्याशिवाय मी हलायची नाही. शेवटी एकदाचं पत्र आलं. राजधानीतून वनस्पतींच्या जाणकार प्रधान मॅडम येतील. डांड्यावरच्या झाडांवर दुर्मीळ सुनाखरी पुरेशा संख्येनं जिवंत आढळल्या, तर डांडा राखीव होईल आणि खाण होणार नाही. मोजणी फुलांच्या दिवसांत, चैतात.

मित्रांनो, त्या वर्षी आम्ही जीव तोडून फुललो. मला एकटीला बत्तीस तुरे आले होते.

आता हर्कमायाच्या थोरल्या दिराबद्दल सांगते. त्याचं नाव पदमधोज, गावचा मुखिया. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला इतका कडवटपणा आला नसता, कारण वाईट माणसावर रागावून मोकळं होता येतं. याच्या मनात एक जुना सल होता. तो तरुण असताना शाळेची जागा बघायला एक साहेब आला होता. अर्धा चढ चढून त्याला धाप लागली, तो एका दगडावर बसला, पाणी प्यायला आणि तिथूनच परत फिरला. शाळा खालच्या गावाला गेली. तिंबुऱ्याची मुलं अजून दीड तास उतरून शाळेत जातात. तेव्हापासून पदमधोजनं गाठ बांधली होती की पाहुण्याला चढायला लावायचं नाही. आपल्याकडे जे चांगलं असेल ते त्याच्या पायाशी आणून ठेवायचं.

त्यात प्रधान मॅडम साठीच्या आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात, अशी बातमी जीपवाल्यानं आणली. झालं. पदमधोजनं गाव गोळा केलं. पाहुण्याच्या स्वागताला गावाच्या तोंडाशी कमान उभारायची आमच्याकडे रीतच आहे. आदल्या वर्षी खालच्या गावानं मंत्र्यासाठी झेंडूची कमान केली होती. पदमधोज म्हणाला, झेंडू काय कुणीही लावतं. बाई सुनाखरीसाठी येतेय ना, मग कमान सुनाखरीची.

मॅडम येण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच सगळा गाव खुकऱ्या आणि टोपल्या घेऊन डांड्यावर चढला. गाणी म्हणत चढला हो! हातानं उपटलं, खुकरीनं खरवडलं, सालीसकट, शेवाळासकट. माझ्या शेजारची पिवळी माझ्या देखत फांदीवरून सोलून काढली. तिची मुळं तुटताना ओल्या कापडासारखा आवाज आला. तो मी विसरलेले नाही.

हर्कमाया खालच्या घरांतून पाहुणीसाठी अंथरूण-पांघरूण जमवून उशिरा वर आली. तेव्हा निम्मा डांडा उघडा पडला होता आणि निम्मा अजून शाबूत होता. हे नीट लक्षात घ्या, निम्मा शाबूत होता. तिनं सगळं पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. तिला कळलं होतं. ते पत्र तिनं इतक्यांदा वाचून घेतलं होतं की पाठ झालं होतं. झाडांवरच्या सुनाखरी, असं त्यात होतं. ती पुढे झाली आणि म्हणाली, "जेठाजू..."

राईंच्या घरात थोरल्या दिरासमोर सून मान वर करून बोलत नाही. त्याच्या अंगावर तिची सावलीही पडू द्यायची नाही, अशी तिला सासूची शिकवण. कचेरीतल्या साहेबाच्या दारात डबा उघडून बसणारी ही बाई, पण दिरापुढे तिची जीभ टाळूला चिकटली.

"काय गं बुहारी?" पदमधोजनं धाकट्या भावजयीला हसत विचारलं. "चार वर्षं तू पाय तोडलेस, आता जरा आम्हालाही करू दे. बाईला एक पाऊल चढायला लागायचं नाही बघ."

सगळे हसले. हर्कमायानं डोक्यावरची ओढणी पुढे ओढली आणि गप्प राहिली. एक जण खुकरी घेऊन माझ्या फांदीकडे वळला, तेवढं मात्र तिला पाहवलं नाही. "थांब, ही मी काढते," ती म्हणाली. "तू मुळं तोडशील."

तिनं मला फार हळुवार काढलं. बोटांनी एकेक मूळ सोडवलं. मित्रांनो, दुसऱ्या कुणी ओरबाडलं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

कमान मात्र झकास झाली, खोटं कशाला बोलू. बांबूला केळीचे सोप बांधले, त्यावर आम्ही तीनशे जणी. मला मधोमध, सगळ्यांत वर बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रधान मॅडम आल्या. त्यांच्याबरोबर ठेकेदाराचा एक माणूसही आला होता. मोजणीला दोन्ही बाजूंचा माणूस हवा, असा नियम होता म्हणे. दोघांच्या गळ्यात खादे, म्हणजे मानाचे पांढरे शेले पडले, दोघांना गरम सेलरोटी मिळाली. कमानीचं सगळ्यांत जास्त कौतुक त्या माणसानंच केलं. त्यानं चारी बाजूंनी फोटो काढले. माझा तर अगदी जवळून काढला.

मॅडमनी हात उंचावून माझी एक पाकळी बोटानं धरली. विचारलं, "ही कुठली?"

पदमधोजची छाती फुगली. "सगळी वरचीच, मॅडम. विकतची एकही नाही. तुमच्यासाठी डांड्यावर एक शिल्लक ठेवली नाही."

मॅडमच्या हातातली सेलरोटी तशीच राहिली. "मी झाडांवरची मोजायला आले होते, दाजू."

"मग मोजा की! इथं मोजा. चढायचा त्रास वाचला."

"कमानीवरची मोजता येत नाहीत," त्या अगदी हळू म्हणाल्या.

मुखियाला कळायला वेळ लागला. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा कमानीकडे, मग ठेकेदाराच्या माणसाकडे. तो माणूस सेलरोटीचा तुकडा मोडून खात होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पदमधोज मटकन ओट्यावर बसला.

दुखऱ्या गुडघ्यांची ती बाई पूर्ण डांडा चढली बरं का. कुठंही बसली नाही, परतही फिरली नाही. हर्कमाया बरोबर होती, तो फोटोवालाही. वर काय घडलं ते हर्कमायानं मला नंतर सांगितलं, कारण सांगायला तिला दुसरं कोण होतं? सालींवरचे व्रण अजून ओले होते. हर्कमाया प्रत्येक फांदीवर बोट ठेवून दाखवत होती, इथं ही होती, इथं ती होती. कुणाचा हात पोचला नाही अशा शेंड्यांवर मिळून अकरा सापडल्या. मॅडमनी वहीत अकरा लिहिलं.

"तीनशे लिहा ना," हर्कमाया म्हणाली. "काल होत्या. मी देवाशपथ सांगते."

"तुझं मला खरं वाटतं, बहिनी," मॅडम म्हणाल्या. "पण माझ्या खरं वाटण्याला कागदावर जागा नाही. आणि हा शेजारी फोटो काढतोय." त्यांचे डोळे भरून आले होते, असं हर्कमाया म्हणते. आले असतील. अकराचे काही बारा झाले नाहीत.

मग काय, बैल गेला नि झोपा केला. गावानं आम्हाला नायलॉनच्या दोऱ्यांनी परत झाडांना बांधलं. ज्याला जे झाड दिसलं त्याला, अगदी चिकट सालीच्या पाइनलासुद्धा. तुटकी मुळं दोरीनं धरत नसतात. पावसाळ्यात बहुतेक जणी कुजल्या. हिवाळ्याआधी खाणीचा हुकूम आला, पहिला सुरुंग लागला आणि माझं कटुसाचं झाड आडवं झालं. हर्कमाया ढिगाऱ्यातून मला शोधून घरी घेऊन आली. कुंपणाच्या खांबाला तिनं मला बांधलंय. इथं धुकं नाही, धूळ आहे. ती रोज माझी पानं ओल्या फडक्यानं पुसते. गेले तीन चैत मी फुललेले नाही. शेजारणी म्हणतात, रुसली असेल. रुसायलाही अंगात जोर लागतो.

पदमधोज आता फारसा बोलत नाही. परवा मात्र तो कुंपणापाशी आला. सुरुंगाचा आवाज नुकताच विरला होता. हर्कमाया मला पुसत होती. त्याला पाहून तिनं ओढणी पुढे घेतली.

"बुहारी," तो म्हणाला, "त्या दिवशी तुला कळलं होतं ना?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"मग बोलली का नाहीस? एक शब्द बोलली असतीस तर मी तिथंच थांबलो असतो." म्हातारा रडत होता. "देवाशपथ थांबलो असतो गं."

तो खरंच थांबला असता. हे मला ठाऊक आहे आणि आता तिलाही ठाऊक झालं. तिनं फडकं पुन्हा ओलं केलं आणि पुसलेलंच पान परत पुसायला घेतलं.

मित्रांनो, आवडलं ते उपटून दारात आणायची माणसांची खोड आम्हाला जुनी आहे. ती सोडा, एवढं तर मी मागतेच. आमची जात पाहायची असेल, तर असेल तिथं चढून जा, धाप लागली तरी जा. पण त्याहून मोठं मागणं दुसरं आहे. ज्याला कळतं त्यानं बोलावं. समोर दीर असो, सासरा असो, अख्खा गाव गाणी म्हणत असो. मला खुकरीनं नाही मारलं. माझ्यावर जिनं सगळ्यांत जास्त माया केली, ती निम्मा डांडा शाबूत असताना गप्प राहिली.