गुरुवारचं झाकण

मी सात खणांची डबी बोलतेय. प्रत्येक वाराला एक खण, त्याला एक झाकण. माफी मागायला मी तोंड उघडलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. या घरात माझ्यावर बराच आळ आला. आता माझी बाजू ऐका.

माझी बाई रफूचं काम करते. कपडे धुण्याच्या दुकानात खिडकीपाशी तिचं टेबल आहे. कपड्याच्याच शिवणीतला धागा काढून ती भोक असं भरते, की गिऱ्हाईक कापड उलटसुलट करून विचारतं, "फाटलं होतं ते कुठे गेलं?"

"ते मी ठेवून घेतलं," बाई म्हणते.

ती रक्तदाबाची गोळी विसरायची, म्हणून मुलानं मला आणलं. तेव्हा माझ्या प्रत्येक खणात एकच पांढरी गोळी असे. माझी सातही झाकणं टक्‌ करून मिटत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग मुलगा जीवनसत्त्वांची बाटली घेऊन आला. धाकट्या जावेनं केसांसाठी गोळ्या दिल्या, आणि कॉफीत साखरेऐवजी टाकायच्या बारीक चकत्याही. "वहिनी, साखर सोडा. बघा कशा हलक्या व्हाल." आठवड्यातून एकदा घ्यायची एक जाडजूड कॅप्सूल आली, ती गुरुवारच्या वाट्याला. यातलं काहीच डॉक्टरांना विचारून आलेलं नव्हतं. बाईला नाही म्हणता येत नाही. प्रेमानं दिलेलं टाकायचं कसं, हा तिचा कायमचा प्रश्न.

साखर गेली आणि कॉफीचा धरबंध सुटला. दोनाचे सहा कप झाले. "यात साखर कुठंय?" असं म्हणत ती सातवाही ओतायची. झोप उडाली. चिडचिड वाढली. दोष चकतीचा की सहा कपांचा, हे मी सांगू शकत नाही. मी डबी आहे, वैद्य नाही. पण दुकानाचा मालक एकदा म्हणालाच, "ताई, हल्ली सुईपेक्षा तुमची जीभ जास्त टोचते."

थकवा आला म्हणून ताकदीच्या कॅप्सूल आल्या. काही महिन्यांनी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग नसांसाठी चांगली म्हणून आणखी एक गोळी तिनं स्वतःच आणली. माझं गुरुवारचं झाकण काही केल्या बसेना. तिनं अंगठ्यानं दाबलं. मी मिटले नाही. तिनं जोर लावला, तेव्हा माझी बिजागरी तुटली, पण मी मिटले नाहीच.

"डबीच हलकी निघाली," मुलगा म्हणाला. बाईनं झाकणाला दोरा बांधला. मी हलकी? आठ-आठ गोळ्या पोटात कोंबणाऱ्यांनी मला हलकी म्हणावं!

एके दिवशी एका पांढऱ्या कोटावर रक्ताचा ठिपका उमटला. सुई बोटात खोल शिरली होती आणि बाईला कळलंच नव्हतं. मालक हळू आवाजात म्हणाला, "ताई, थोडे दिवस आराम करा." त्या 'थोडे दिवस'चा अर्थ बाईला कळला. पस्तीस वर्षं ज्या बोटांनी तिला उभं केलं, तीच निघून चालली होती.

बोटं दाखवायला ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय काय औषधं चालू आहेत?"

"एकच. रक्तदाबाची." ती दाखवायला तिनं मला पिशवीतून काढलं. तो गुरुवार होता. दोरा सुटला म्हणा, मी सोडला म्हणा. टेबलभर गोळ्या घरंगळल्या.

"आणि ही वरात कुणाची?"

"ती औषधं नाहीत हो. ताकदीची आहेत."

दुसऱ्या दिवशी सगळ्या बाटल्या तपासल्या गेल्या. चार बाटल्यांवर एकच नाव होतं, बी-सहा जीवनसत्त्व. शरीराला ते थोडंसंच लागतं. महिनोन्‌महिने प्रमाणाबाहेर गेलं तर नसांनाच इजा करू शकतं. रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. म्हणजे मुंग्यांवर घेतलेली गोळी मुंग्याच वाढवत होती. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाची तेवढी ठेवली, बाकी सगळं बंद करायला सांगितलं.

जाऊ आली, तिचा चेहरा पडलेला. "मी चांगल्यासाठीच दिलं होतं, वहिनी."

"ठाऊक आहे गं. बस. मी आता दोनच कप घेते, अर्धा चमचा साखर घालून. तुला किती घालू?"

मुलगा अठ्ठावीस खणांची नवी डबी घेऊन आला. बाईनं ती तशीच परत केली. "मोठी आणलीस की भरावी लागते," ती म्हणाली. नाही म्हणताना मी तिला पहिल्यांदाच ऐकलं.

बोटं सावकाश परतली. काही महिने ती जुन्या चिंध्यांवरच टाके घालत राहिली. काल सुई टोचली आणि ती "आई गं" म्हणाली. मग बोटाकडे बघत बसली आणि हसली. त्याआधी मात्र, डाग पडू नये म्हणून, तिनं कापड बाजूला सरकवलं होतं.

आता माझ्या खणात पुन्हा एकेकच गोळी असते. गुरुवारच्या झाकणाला अजून दोरा आहे. पिशवीत मी खुळखुळते. रिकामी भांडी फार वाजतात, असं लोक म्हणतात. म्हणू देत. मी वाजणार. आणि पुन्हा कुणी प्रेमानं मूठभर काही घेऊन आलं, तर मी मिटणार नाही.