विहिरीचं शून्य

मुरमुऱ्यांच्या डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि थांबता थांबेना. टणटणत गोल फिरत राहिलं, शेवटी थरथरून आडवं झालं. हेमांगीने डोळे मिटून घेतले. झाली झोप! ज्ञानदा उठली म्हणजे दुपारचा हक्काचा तास गेला, आणि साडेतीनला भारनियमनात वीज जायची ती वेगळीच.

"आई, मला मुरमुरे."

"घे राणी. पण टेबलाला हात नको हं."

टेबलावर स्वरूपने, तिच्या नवऱ्याने, ऑफिसातून जुना म्हणून आणलेला कॉम्प्युटर होता. त्याला केबलने जोडलेला पत्त्यांच्या कॅटाएवढा निळा बोर्ड. बोर्डातून निघालेली टेलिफोनची वायर खिडकीच्या गजांतून बाहेर पडून, केळींच्या रांगेतून थेट विहिरीपर्यंत जायची. तिच्या टोकाला दोन काळ्या कांड्या, टॉर्चचे मेलेले सेल फोडून काढलेल्या. आधी तिने खिळे लावले होते, ते चार दिवसांत गंजले. कांड्या पाण्यात बुडाल्या की त्यांच्यामधून वीज किती सहज जाते ते बोर्ड मोजायचा. पाणी जितकं खारं तितकी वीज सहज. दर सेकंदाला एक आकडा पडद्यावर उतरायचा, एकाखाली एक.

जोडायला बसली तेव्हा पहिले दोन दिवस पडद्यावर नुसती भुताटकी. चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटीसुलटी अक्षरं. बोर्ड एका वेगाने बोलत होता आणि कॉम्प्युटर दुसऱ्याच वेगाने ऐकत होता. वेग जुळला आणि पहिला सरळ आकडा आला, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सहा वर्षं झालेली हेमांगी भाजी करपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली होती.

हे सगळं मांडलं ते अण्णांसाठी. अण्णा म्हणजे तिचे सासरे, आत्माराम. होळी गावातल्या ह्या केळीच्या वाडीत त्यांचा जन्म गेला. धाकटा भाऊ शंकर दोन वर्षं मागे लागला होता, वाडी बिल्डरला देऊन टाकू म्हणून. आजूबाजूच्या विहिरी खाऱ्या होतायत, आपली झाली की कुत्रंही विचारणार नाही. गणपतीत, भर पंगतीत त्याने पुन्हा तेच काढलं, तेव्हा अण्णांनी ताटावरून हात उचलला.

"विहीर गोड आहे तोवर वाडी विकायची नाही. ज्या दिवशी खारी होईल त्या दिवशी मी स्वतः सही करीन. तुला बोलवायला यावं लागणार नाही."

सगळ्या घरादेखत दिलेला शब्द. आणि अण्णा शब्द फिरवणाऱ्यातले नव्हते, हीच पंचाईत. उद्या रविवारी शंकरकाका येणार होते. सूनबाईचं मशीन बघायचंय, असा निरोप होता.

सकाळपासून हेमांगीचा जीव थाऱ्यावर नव्हता. तसं घाबरण्यासारखं काही नव्हतं. मिठागरातून आणलेल्या पाण्याला तिने शंभर धरलं होतं, गोड्या पाण्याला शून्य. पंधरा दिवस आकडा शून्य, एक, दोन यातच घोटाळत होता. वाडीतून आल्यावर अण्णा चपला काढता काढता विचारायचे, "आज किती गं?"

"शून्य, अण्णा."

"मग! माझी जीभ काय खोटं बोलते?"

शेजारच्या वाडीतली हिल्डाबाय कुंपणावरून चिडवायची, "विहिरीचा ईसीजी काढतेस काय गं? आमच्या म्हाताऱ्याचा पण काढ. बरा असला तरी कण्हतो."

पण केळीच्या पानांच्या कडा जळत होत्या. अण्णा म्हणायचे, खत जास्त झालं. आणि आज कांड्या घासायला म्हणून तिने वायर ओढून आत घेतली, तर त्यांच्यावर पांढरट थर. वर्तमानपत्रावर त्या ठेवून ती चिंधी आणायला वळली. पडद्यावर 'कोरडं' असा शब्द उतरत होता. कांड्या हवेत असल्या की तोच यावा अशी तिनेच सोय केली होती.

"आई बघ, मी पण विहीर केली!"

ज्ञानदाने दोन्ही कांड्या आपल्या पेल्यात बुडवल्या होत्या. पेल्यात बाटलीचं पाणी. महिन्यापूर्वी जुलाब झाले तेव्हापासून डॉक्टरांनी तिला तेच द्यायला सांगितलं होतं. हेमांगी ओरडणार, तेवढ्यात तिची नजर पडद्यावर गेली.

उणे अडतीस.

उणे अडतीस. उणे सदतीस. उणे अडतीस.

असा आकडा येऊ शकतो हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. वायर सैल असेल. तिने केबल काढून पुन्हा खोचली, कॉम्प्युटरने टुण केलं, आकडे पुन्हा सुरू झाले. उणे अडतीस. कांड्या खसखसून घासल्या. उणे अडतीस. धावत जाऊन विहिरीचं पाणी तांब्यात आणलं. एक. पुन्हा बाटलीचं. उणे अडतीस.

मग ती कुंपणाशी गेली. "हिल्डाबाय, तुमच्या नळाचं पेलाभर पाणी द्या ना."

"अगो, एवढी मोठी विहीर दारात आणि नळाचं पाणी मागतेस? अण्णांनी ऐकलं तर दोघींना वाडीबाहेर काढतील."

हेमांगीला हसू आलं नाही. नळाचं पाणी : उणे एकोणतीस.

ती खुर्चीत बसली. शून्य कुठून आणलं होतं तिने? बोर्डाला हे गोडं पाणी म्हणून ओळख करून दिली, ते कुठलं? ह्याच विहिरीचं. गोडं पाणी आणायला दुसरीकडे जावं असं ह्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं. गोडं पाणी म्हणजे आपली विहीर. पंधरा दिवस ती विहीर विहिरीशीच मापत बसली होती.

एक ओळ होती प्रोग्रॅमात. ती बदलली की शून्याखालचा आकडा शून्य म्हणूनच दिसणार, काकांनी बाटलीचं पाणी लावून बघितलं तरी. कांड्या विहिरीत, पडद्यावर शून्य, शंकरकाका चहा पिऊन परत. तिने बोट कीबोर्डच्या कळीवर ठेवलं. उचललं. पुन्हा ठेवलं. आणि साडेतीन झाले. पंखा मंदावला, पडदा काळा झाला.

बाहेर चपला वाजल्या. आज ऊन फार म्हणून अण्णा लवकर आले होते.

"आज किती गं?"

शून्य म्हणायला एक क्षण पुरला असता. दाखवायला पडदाही नव्हता. हेमांगीने एक पेला बाटलीच्या आणि एक विहिरीच्या पाण्याने भरला आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. "अण्णा, आधी हे पिऊन बघा."

अण्णांनी पहिला पेला तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं. "हे कसलं पाणी? फिक्कं. उकळून ठेवलंस काय? जीवच नाही यात." दुसऱ्याचा घोट घेतला, डोळे निवले. "हां! हे आपलं. ह्याला चव आहे."

अण्णांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग काळ्या पडद्याकडे. त्यांनी पहिला पेला पुन्हा उचलला, घोट तोंडात धरून ठेवला. मग दुसऱ्याचा. बराच वेळ गिळलाच नाही.

"गोड्या पाण्याला चव नसते," ते हळूच म्हणाले. "नाही का?"

"अण्णा, एक ओळ बदलली तर उद्या बाटलीच्या पाण्यालाही शून्यच दिसेल. काकांना कळायचं नाही."

"तुला कळेल ना." ते उठले. हात गुडघ्यावर टेकवून, एरवी टेकवत नसत. "जे दिसतंय ते दिसू दे. शंकरशी मी बोलेन." आणि उन्हातच परत वाडीत गेले, केळींच्या मधून, एकेका पानाची जळकी कड दोन बोटांत धरून बघत.

खिडकीशी उभ्या राहिलेल्या हेमांगीचा पदर कुणीतरी ओढला. ज्ञानदाने अण्णांच्या दुसऱ्या पेल्यातलं उरलेलं पाणी चाखलं होतं, आणि आता ती आपल्याच मनगटाला जीभ लावून बघत होती.

"आई, तुम्ही सगळे रोज हेच पिता ना? मग तुम्ही पण खारे झालात का गं?"