विटेचा किलो

मी एक जुना तराजू आहे, आणि मित्रांनो, बाकी काही सांगायच्या आधी एकच सांगतो: मी चोर नाही. हसू नका. तराजूकडे बघताना माणसाचा एक डोळा आपोआप बारीक होतो, हे मी जन्मापासून बघत आलोय. आत्तासुद्धा तुमच्यातला कुणीतरी माझ्या पारड्याखाली मेण चिकटवलंय का, ते वाकून बघतोय. बघ बाबा, नीट बघ.

माझी दांडी एका लोहारानं ठोकली आणि पितळी पारडी एका तांबटानं घडवली. दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नव्हता. लोहार म्हणायचा, "तुझं डावं पारडं जड आहे." तांबट म्हणायचा, "तुझी दांडीच वाकडी." त्या भांडणात त्यांनी मला इतक्या वेळा तोललं की माझा काटा केसाइतकाही चुकेना. तर मी जन्मलोच मुळी संशयाच्या पोटी. पुढे एका किराणा दुकानात आढ्याच्या आकड्याला मला टांगलं आणि बरीच वर्षं मी सुखानं डाळ-तांदूळ तोलला.

मग लढाई लागली.

लढाई कुठे तरी लांब होती, पण तिची झळ पहिली पोचली ती आमच्या भावाच्या पाटीला. सकाळी लिहिलेला भाव दुपारी पुसावा लागायचा. साबणाची वडी लहान होत गेली आणि तिची किंमत मोठी. चहाच्या पुड्यात चहा सोडून बाकी सगळं निघायचं. खिडक्यांना काळे कागद लागले आणि चौकातल्या भिंतीवर पत्रक डकवलं गेलं: 'सावध! शेजारी कोण आहे ते ओळखा!' झालं. तोवर ज्यांना एकमेकांच्या घरातल्या मीठ-मिरचीचा पत्ता होता, ती माणसं एकमेकांना नव्यानं ओळखायला लागली.

दुकानाचा मालक रसदीच्या तुकडीत भरती होऊन गेला. जाताना त्यानं बायकोला एवढंच सांगितलं, "परवाना सांभाळ. परवाना आहे तोवर दुकान आहे." साखर-तांदूळ विकायचा तो सरकारी कागद माझ्या डोक्यावरच भिंतीला काचेत लावलेला होता. त्याची बायको गल्ला, पोती आणि मला सांभाळायला लागली. गल्लीत तिला सगळे काकू म्हणायचे. तिचे सासरे, ज्यांना ती मामंजी म्हणायची, ते दारात खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर संशय घ्यायचे. हेच त्यांचं काम. कोठाराच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असायचा. सुनेला साखर काढायची असली की आधी मामंजींना उठवायचं.

असा हा माणूस आयुष्यात एकदाच फसला, आणि तोही भोंग्याला. लढाईसाठी लोखंड गोळा करणारी गाडी भोंगा लावून गल्लीत आली. "तुमची कढई म्हणजे आमची तोफ!" भोंगा ओरडला. मामंजींना मुलगा आठवला, छाती भरून आली, आणि काकू मागच्या अंगणात असताना त्यांनी माझी सगळी वजनं गाडीत टाकली. किलो, अर्धा, पाव, सगळी. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला. तिसऱ्या दिवशी त्याच वर्तमानपत्राची पुडी करून काकूंनी त्यात जिरं भरलं आणि विचारलं, "मामंजी, जिरं तोलू कशानं? तुमच्या फोटोनं?"

नवी वजनं मिळायला सहा महिने लागतील, असं वजनमापाच्या कचेरीतनं कळलं. तोवर काय? दगड घासून वजनाबरोबर आणणं अवघड, पण वीट घासता येते. मामंजींनी खंदकाच्या कामातून उरलेल्या दोन विटा आणल्या आणि शेजारच्या बाजारातल्या वजनांशी ताडत दोन दिवस घासल्या. एक बरोबर किलो, एक बरोबर अर्धा. उचलायला तारेच्या कड्या बसवल्या. तपासनीस साहेब भरदुपारी आले, आपल्या पेटीतल्या पितळी वजनांशी ताडून पाहिलं, विटांवर चुन्यानं आकडे घातले आणि म्हणाले, "चालेल."

दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा शिंपी आला, साखरेची पुडी उघडी धरून.

"काकू, हे लाल काय? मी साखर घेतली की कुंकू?"

विटेची भुकटी होती. काकूंना लाज वाटली. त्या दिवसापासून त्यांनी नेम केला: पहाटे उठल्या की दोन्ही विटा पाण्याच्या बादलीत टाकायच्या, झाडलोट करायची, चूल पेटवायची, मग विटा काढून वरवर पुसून पारड्यात ठेवायच्या. भुकटी गेली. शिंपी खूश झाला.

पण मित्रांनो, मला मात्र दुसऱ्याच सकाळी दांडीत कळ आली. कालचा किलो आज किलो नव्हता. वीट पाणी पिऊन बसली होती! सकाळच्या गिऱ्हाइकाला प्रत्येक किलोमागे चांगली मूठभर जास्त जात होती. दुपारच्या उन्हात वीट सुकायची आणि संध्याकाळी परत शहाणी व्हायची. मी काटा हलवला, साखळ्या वाजवल्या. मामंजी म्हणाले, "वारा सुटलाय." तराजूला सगळं कळतं, पण बोलता येत नाही, हे माझं दुखणं.

महिन्याभरात चित्र असं झालं. शिंप्याची बायको सकाळी येऊन आपल्या रेशन कार्डावर अर्धा किलो साखर घेऊन गेली. शिंपी संध्याकाळी आईचं कार्ड घेऊन आला, त्यानंही अर्धा किलोच घेतली. घरी दोन डब्यांत दोन साखरा. शिंप्याचा धंदाच मोजायचा. त्यानं चहाच्या वाटीनं दोन्ही मोजल्या. बायकोची अकरा वाट्या, त्याची दहा.

दुसऱ्या दिवशी रांगेत हीच चर्चा.

"संध्याकाळी बाई मापात दांडी मारते," शिंपी पुटपुटला.

"मला आधीच वाटलं होतं," सिनेमावाला म्हणाला. हा गडी चौदा महिने एकच चित्रपट दाखवत होता, कारण लढाईमुळे नवा येतच नव्हता. लोक कंटाळले तेव्हा त्यानं रिळंच उलटसुलट लावली. नायक सुरुवातीलाच मरायचा आणि शेवटी त्याचं लग्न व्हायचं, आणि लोक परत तिकीट काढून आले. "मी रोज खोटं दाखवतो," तो म्हणाला, "म्हणून मला खोटं लांबूनच दिसतं. नवरा लढाईवर, आणि बाई बघा कशी शांत! इतकं शांत माणूस असतं का कुठं?"

बघा मित्रांनो, संशयाची गंमत. बाई रडली असती तर नाटकी म्हणाले असते.

घरात तर आणखीच मजा. पोत्यातली साखर हिशेबापेक्षा भराभर खाली जात होती. मामंजींना वाटलं, सून माहेरी पोचवतेय. त्यांनी पोत्याला आतून कोळशानं रेघ मारली. काकूंना वाटलं, किल्ल्या सासऱ्यांकडे, म्हणजे साखर सिनेमावाल्याकडे जाते, फुकट तिकिटासाठी. त्यांनी मामंजींच्या खिशात तिकिटाचे तुकडे शोधले. सापडले दोन. मामंजी खरंच दोनदा गेले होते, पण पैसे देऊन, आणि नायक नक्की कधी मरतो ते कळलं नाही म्हणून दुसऱ्यांदा.

"मामंजी, रेघ कुणी मारली पोत्यात?"

"ज्याला साखरेची काळजी आहे त्यानं."

"मग किल्ल्या ज्याच्याकडे आहेत त्यालाच विचारा ना."

"तुला काय म्हणायचंय?"

"मी कुठे काय म्हणतेय? तुमचं तुम्हीच ऐकताय."

त्यानंतर दोघं एकमेकांशी माझ्यामार्फत बोलायला लागले. मामंजी मला म्हणायचे, "सांग तिला, चहा दे." काकू मला म्हणायच्या, "सांग त्यांना, साखर नाही."

आणि मग कचेरीत बिनसहीचं पत्र पोचलं. 'मापात पाप आहे.' अक्षर वळणदार होतं आणि कागदाच्या कडेला शिंप्याच्या खडूचा निळा डाग होता, पण आमच्या साहेबांना डाग दिसला नाही, पापच दिसलं. ते संध्याकाळी पेटी घेऊन आले. वीट ताडली, तर बरोबर किलो. मग पोती तोलली, तर साखर चार किलो कमी आणि तांदूळ नऊ.

"माप बरोबर आणि माल कमी," साहेब म्हणाले. "म्हणजे मागच्या दारानं गेला. याला काळा बाजार म्हणतात, बाई. उद्या सकाळी येतो. परवाना काढून ठेवा."

काकू खुर्चीवर बसल्या. परवान्याच्या काचेकडे बघत म्हणाल्या, "हे आले की मी काय सांगू?" ते मला उद्देशून नव्हतं. मामंजींनी तोंड फिरवलं, पण त्यांचा हात कमरेच्या जुडग्यावर घट्ट झाला. अजून त्यांचा सुनेवर विश्वास नव्हता.

सकाळी अख्खी गल्ली रांगेत. साखर घ्यायला कमी, तमाशा बघायला जास्त. काकूंचा चेहरा उतरलेला, पण नेम तो नेम: विटा बादलीतून काढल्या, पुसल्या, पारड्यात ठेवल्या. साहेब आले. परवाना काढायच्या आधी सर्वांसमक्ष एकदा माप ताडायचं, असा नियम होता. सदऱ्याच्या बाह्या पांढऱ्या होत्या, म्हणून त्यांनी तारेची कडी धरून किलोची वीट एका पारड्यात एकटीच ठेवली आणि दुसऱ्या पारड्यात पितळी किलो ठेवला.

मी जीव एकवटून झुकलो. वीट खाली, पितळ वर.

रांगेनं टाचा उंचावल्या.

"जड आहे!" साहेब ओरडले. "काल बरोबर होती, आज जड! म्हणजे किलोच्या विटा दोन आहेत! दुसरी कुठे लपवली?"

"लपवायला मला जागा कुठेय साहेब," काकू म्हणाल्या. "कोठाराच्या किल्ल्या मामंजींकडे असतात."

मामंजी ताडकन उठले. "म्हणजे मी लपवली?"

शिंपी हळूच म्हणाला, "पण जड वीट म्हणजे... आम्हाला जास्तच मिळाली की."

"तुला कुणी विचारलं?" सिनेमावाल्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

साहेबांनी कोठार उपसलं, खुर्ची उलटी केली, मामंजींच्या उशीखाली पाहिलं. किलोची वीट एकच. ते घामाघूम होऊन परत आले, तेव्हा रांगेच्या शेवटून धोबीण मावशी कपड्यांचं बोचकं घेऊन पुढे आली. मावशी धुवायचे कपडे वजनावर घ्यायची. तिनं विटेवर तळहात टेकवला, सरळ, आणि तसाच ठेवला.

"ओली आहे," ती म्हणाली.

"मग?" साहेब.

"मग काय मग! माझ्याकडे नवीन गिऱ्हाईक असंच फसवायला बघतं, ओला पंचा आणून म्हणतं वजन कर. ओलं आणि सुकं कधी सारखं भरतं का?" तिनं बोचक्यातनं दोन सारखे पंचे काढले, एक बादलीत बुचकळून पिळला, आणि पारडी रिकामी करून दोन्ही माझ्या पारड्यांत टाकले. ओला धाडकन खाली गेला. "ही बाई रोज विटेला आंघोळ घालते. वीट पाणी पिते आणि तुम्हाला साखर पाजते. चार किलो साखर कुठे गेली? या सगळ्यांच्या पोटात!"

रांगेतली माणसं आपापल्या पोटाकडे बघायला लागली. सकाळी लवकर येणाऱ्यांनी तर पिशव्या मागे घेतल्या.

साहेबांनी वहीचं पान उलटलं, परत उलटलं. कमी तोलणाऱ्यासाठी रकाना होता. जास्त तोलणाऱ्यासाठी नव्हता. शेवटी त्यांनी समासात लिहिलं, 'वीट सुकवून वापरावी,' आणि सही केली. परवाना भिंतीवरच राहिला.

"आणि तुम्ही सगळ्यांनी," मावशी गर्दीला म्हणाली, "महिनाभर विटेकडे टक लावून पाहिलंत. हात कुणी लावला?"

कुणीच नाही. हात लाल होतो ना.

गर्दी पांगली. शिंपी जाताना पुडीतली मूठभर साखर परत पोत्यात टाकून गेला, कुणाकडे न बघता. सिनेमावाला म्हणाला, "मी संध्याकाळचं गिऱ्हाईक आहे, मी काही देणं लागत नाही," आणि सटकला. दुकानात काकू आणि मामंजी उरले, आणि मी.  मामंजींनी कमरेचा जुडगा सोडला आणि माझ्या रिकाम्या पारड्यात ठेवला.

"सांग तिला," ते मला म्हणाले, "जड झालाय आता मला."

काकूंनी जुडगा उचलला. "त्यांना सांग," त्या मला म्हणाल्या, "चहा टाकते. साखर घालून."

मालक अकरा महिन्यांनी परत आला, निम्मा होऊन. आधी परवाना पाहिला, मग वीट. "ही इथे कशाला?" त्यानं विचारलं. मामंजी खुर्चीतून म्हणाले, "आधी हात लावून बघ, मग विचार."

आता माझी दांडी गंजलीय. दुकानात आकडे दाखवणारं यंत्र आलंय, लोक त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात आणि मला ते फार विचित्र वाटतं. मी माळ्यावर असतो. एका पारड्यात मांजर झोपतं आणि दुसऱ्यात तीच वीट, आता पूर्ण सुकलेली. अधूनमधून कुणी मला पुसलं, दांडीला थेंबभर तेल दिलं, तर मी अजून केसाइतकंही चुकणार नाही. आणि मित्रांनो, संशय घ्यायचा तर खुशाल घ्या. तराजूवर घ्या, दुकानदारावर घ्या, सुनेवर, सासऱ्यावर घ्या. फक्त बोट दाखवायच्या आधी तो हात एकदा विटेवर ठेवा. लाल झाला तर धुता येतो.