टोलेडोचा पहिला नंबर

शिकागोच्या हॉटेलात पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. चार तास गाडी हाकली होती आणि पोटात एका कॉफीपलीकडे काही नव्हतं. माझं नाव लेन कुबियाक. टोलेडोच्या बास्केटबॉल संघासाठी पोरं हेरायचं काम मी एकतीस वर्षं करतोय. कुठल्या गावात, कुठल्या गळक्या छपराखाली कोण चांगलं खेळतंय ते शोधायचं, आणि वर्षातून एकदा ड्राफ्टमध्ये, म्हणजे सगळे संघ ओळीने नवी पोरं निवडतात तेव्हा, मालकाच्या कानात त्याचं नाव सांगायचं.

यंदा आम्ही ब्याऐंशीपैकी त्रेसष्ट सामने हरलो. जो जास्त हरतो त्याला आधी निवडायची संधी जास्त, पण खात्री कुणालाच नाही. त्यासाठी लॉटरी असते. यंत्रात चौदा चेंडू घालतात, त्यातले चार बाहेर येतात, आणि ते चार आकडे ज्या संघाच्या यादीत असतील त्याचा पहिला नंबर. चार आकड्यांच्या हजार जोडण्यांपैकी आमच्या एकशे चाळीस. बाकी देवाच्या हातात, आणि देव टोलेडोकडे फारसा फिरकत नाही.

मला तो पहिला नंबर कीनन मॅब्रीसाठी हवा होता. एकोणीस वर्षांचं पोर, अलाबामातल्या मोबीलचं. तीन वर्षांपूर्वी मी त्याला पहिल्यांदा बघितलं तेव्हा प्रेक्षक चाळीस होते, त्यातले निम्मे नातेवाईक. कोण मोकळा होणार हे त्या खेळाडूच्या आधी याला कळायचं. चेंडू तिथे गेलेला असायचा. सामना हरल्यावर बाकीचे रडत आत गेले, हा एकटा सगळे चेंडू गोळा करून जाळीत भरत होता. मी तेव्हाच वहीत लिहिलं, याच्यावर संघ उभा राहतो.

त्याच्या घरी मी सहा वेळा जेवलो. आई डेलोरिस शाळेची बस चालवते. घेवडा आणि मक्याचा पाव वाढता वाढता तिने विचारलं होतं, "तुमच्याकडे थंडी किती असते हो, लेनसाहेब? माझ्या पोराने बर्फ नाही बघितलेला."

"जाड कोट लागेल," मी म्हणालो.

"मग तुमचा नंबर लागू दे. मी कोट घेते."

मालकाला मात्र पोरं नको होती. ब्रेंट हॅलोरन, वय अडतीस. त्याचा बाप ह्यू आमचा जुना मालक. ब्रेंट सात वर्षांचा असल्यापासून मी त्याला ओळखतो, त्याच्या बुटांच्या नाड्या बांधल्यात. गेल्या आठवड्यात त्याने मला बोलावलं. टक्सनचा संघ त्यांचा स्टार डारियन व्हॉस द्यायला तयार होता. बदल्यात आमचा यंदाचा ड्राफ्टमधला नंबर, जो येईल तो.

"व्हॉस तेहेतीसचा आहे," मी म्हणालो. "त्याचा गुडघा पन्नाशीचा आहे."

"त्याच्याकडे दोन किताब आहेत. लेन, तीन वर्षं तुम्ही म्हणताय पोरं वाढवू, पोरं वाढवू. लोक तिकीट काढून बालवाडी बघायला येत नाहीत."

"स्टार आपण आधीही आणलाय. सात वर्षांपूर्वी. चाळीस सामने खेळला आणि पाठ धरून बसला."

"आणि तुम्ही निवडलेला तो सात फुटी? तो आता लान्सिंगला टायर विकतो."

त्या सात फुटीला निवडा म्हणून मी ह्यूसमोर टेबल बडवलं होतं. उंची सात फूट, जिगर दोन इंच.

"टक्सनला लॉटरीच्या आधी उत्तर हवंय," ब्रेंट म्हणाला. "नंतर आपला नंबर पाचवा निघाला तर ते माझा फोनसुद्धा उचलणार नाहीत."

"आणि पहिला निघाला तर?"

"बाबा पण हेच म्हणायचे. पहिला निघाला तर. म्हणता म्हणता गेले."

मी खुर्ची पुढे ओढली आणि तासभर बोललो. कीननबद्दल, ह्यूबद्दल, सगळं. मला ब्रेंट माहीत आहे. त्याच्यासमोर बसून बोललं की तो ऐकतो, लहानपणापासून. शेवटी तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "बरं. लॉटरीपर्यंत थांबतो. आणि या वेळी आतल्या खोलीत तुम्हीच बसा. इतक्या वर्षांत एकदाही गेला नाहीत."

आतल्या खोलीचा मान मोठा. चेंडू तिथे काढतात, प्रत्येक संघाचा एकच माणूस आत, आणि टीव्हीवर निकाल दाखवायच्या आधी तासभर फक्त त्या खोलीला तो माहीत असतो. मी कोट इस्त्री करून घेतला. बायको म्हणाली, "लग्नात नव्हता एवढा चांगला टाय." मी भाळलो होतो, खरं सांगतो.

दाराशी फोन काढून घेतले. पाकिटात घालून वर नाव लिहिलं. घड्याळंही ठेवून घेतली. दार बंद झालं, बाहेर रखवालदार. कार्यक्रम संपेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही, लघवीलाही सोबतीला माणूस.

माझ्या शेजारी टक्सनसाठी पोरं हेरणारा मार्कस टिबोडो बसला. आम्ही दोघं तीस वर्षं एकाच बाकावर बसून एकमेकांची टर उडवत आलोय. भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय रे लेन, टायर स्वस्त मिळतील का?" आज तो काही बोलला नाही. मला एक पेपरमिंट दिली आणि समोर बघत राहिला. मला वाटलं, ताण आला असेल.

एक माणूस यंत्राकडे पाठ करून उभा राहिला. हातात घड्याळ. तो हात वर करी, की एक चेंडू नळीतून वर येई.

नऊ.

तीन.

बारा.

यादीवरून माझं बोट घसरत होतं. आमच्या चार जोडण्या शिल्लक होत्या, एकच आकडा हवा असलेल्या. ह्यूची आठवण आली. मी मनात म्हणालो, म्हाताऱ्या, एवढा एक चेंडू फुंक.

सहा.

"टोलेडो," लीगचा अधिकारी म्हणाला.

मी उठलो. लोक पाठ थोपटत होते, कुणीतरी मिठी मारली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी लोकांसमोर रडलो. रडता रडता मार्कसकडे वळलो. तो खुर्चीतच होता, दोन्ही हातांनी तोंड झाकून. हात काढले तर तोही रडत होता, आणि हसत होता.

"मार्कस, तुला काय झालं?"

त्याचं हसू गेलं. "लेन," तो हळू म्हणाला, "तुला सांगितलं नाही त्यांनी?"

"काय?"

"साडेसहाला दोन्हीकडून लीगला फोन करून व्यवहार पक्का करायचा ठरलाय. व्हॉस तुमच्याकडे. हा नंबर आमच्याकडे." तो माझ्याकडे बघेना. "मला वाटलं, तुला माहीत आहे."

भिंतीवरच्या घड्याळात सहा पन्नास झाले होते.

मी दाराशी गेलो. रखवालदाराला म्हटलं, एक फोन करू दे, अर्धा मिनिट. तो म्हणाला, नाही. बायको आजारी आहे म्हणून खोटं सांगितलं. तो म्हणाला, निरोप पाठवतो, साहेब, पण तुम्ही इथेच. मी त्याच्या बाहीला धरलं. एकसष्ट वर्षांचा माणूस, इस्त्रीचा कोट घातलेला, एका पोरसवदा रखवालदाराची बाही धरून गयावया करत होता. शेवटी दोन रखवालदारांनी मला खुर्चीवर आणून बसवलं.

ब्रेंट फोन करायचा राहिला असेल. ऐन वेळी कच खाल्ली असेल. ऐन वेळी कच खातोच तो. एवढ्या एका गोष्टीवर मी तो तास काढला. मार्कसने पाण्याची बाटली दिली. मी ती धरून बसलो, उघडली नाही.

आठ वाजता खोलीतला टीव्ही लावला. बाहेरच्या मंचावर मालक ओळीने बसले होते. ब्रेंटने बापाचं घड्याळ घातलं होतं. लखोटे उलट्या क्रमाने फुटत गेले. चौदा, तेरा, असं करत शेवटचा एक उरला. त्यातून टोलेडोचं चिन्ह असलेलं कार्ड निघालं, आणि कॅमेरा ब्रेंटच्या तोंडावर गेला.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. नाचला तर वाचलो.

तो नाचला नाही. हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे खाली गेले. दोन टाळ्या वाजवल्या, तिसरीला हात नुसतेच एकमेकांना लागले. सगळ्या देशाला वाटलं असेल, बिचाऱ्याला आनंद झेपला नाही.

दार उघडलं. पाकीट फाडून मी फोन घेतला. ब्रेंटचा निरोप सहा एकतीसचा होता. 'लेन, व्यवहार झाला. तुम्ही समोर असता तर मला जमलं नसतं. म्हणून तुम्हाला आत बसवलं. माफ करा.'

तो निरोप मी उभ्या उभ्या तीनदा वाचला. मला मान मिळाला नव्हता, मला कोंडलं होतं. मी बाहेर असतो तर जिंकलो असतो, हे त्यानेच लिहून दिलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. डेलोरिस. मागून आरडाओरडा ऐकू येत होता.

"लेनसाहेब, बघितलं आम्ही. टोलेडो. पोरगं अंगणात पळतंय नुसतं." ती हसत होती. "आणि ऐका, मी दुपारीच कोट आणला. म्हटलं, विश्वास ठेवायचा तर पुरता ठेवायचा. गुडघ्यापर्यंत येतो, आत लोकर आहे. पुरेल ना हो तेवढा?"

बाजूने मार्कस चालला होता. त्याने मान खाली घातली आणि पुढे गेला.

"डेलोरिस," मी म्हणालो, "पावती ठेवलीस ना?"

"ठेवलीय की. का?"

"परत करून टाक. त्याला टक्सनला जायचंय. तिथे थंडी नसते."