दाजींची बोटं

ड्रम थांबला, झाकण उघडलं, आणि दाजींनी कोपरापर्यंत उघडा हात आत घातला.

आत सगळं निळं होतं. कातडी कमावायच्या क्रोमच्या पाण्यात घुसळून निघालेली कातडी एकमेकांना बिलगून पडली होती, जणू कुणी आभाळाचंच धुणं भिजत घातलंय. दाजींनी डोळे मिटले. बोटं निघाली फिरायला: मानेच्या जाड भागावरून पाठीच्या उतारावर, तिथून पोटाच्या मऊ कडेला. क्रोम आतपर्यंत मुरलं की कातडं गप्प होतं, असं ते म्हणायचे. कच्चं असलं की कुरकुरतं.

"काय म्हणतंय?" मेहुणीने विचारलं. बायकोची ही धाकटी बहीण ड्रमवर त्यांची जोडीदार होती. तिचं ऐकून ऐकून अख्खा कारखाना त्यांना दाजी म्हणायचा, त्यांच्याहून वयाने मोठा मुकादमसुद्धा.

"झालंय म्हणतंय. काढायला घे."

"हातमोजे घाला म्हटलेलं ऐकू येत नाही, कातड्याचं बरं ऐकू येतं."

"मोज्यातून ऐकायचं म्हणजे उशीत तोंड खुपसून गप्पा मारायच्या."

त्यांच्या बोटांच्या पेरांवर क्रोमने खाल्लेली बारीक गोल भोकं होती. हल्ली ती दुखत नसत. हात सरावला, एवढंच दाजींना वाटायचं.

दुपारी आरोग्य पाहणीची नर्स आली. क्रोमवर काम करणाऱ्यांचं वजन, रक्तदाब, साखर, सगळंच ती तपासत होती. दाजींच्या साखरेचा आकडा तिने दोनदा पाहिला.

"तहान फार लागते का, काका?"

"लागते की. इथे कातडी खारवायच्या मिठाच्या ढिगात कुणाला लागत नाही?"

"ही साखर आजची नाही. बरीच जुनी दिसते."

"क्रोमने झाली का?"

"तेच शोधतोय आम्ही. छातीठोक नाही सांगता येत. पण उद्याच दवाखान्यात जायचं, टाळायचं नाही." मग तिने एक नायलॉनचा ताठ धागा काढला. "आता डोळे मिटा. पायांना, बोटांना हा लागला की 'हो' म्हणा."

दाजींनी डोळे मिटले. पंखा घरघरत होता, आणि त्या घरघरीत त्यांना वाटलं, आपण ड्रमच्या आत आहोत. निळं कोमट पाणी, आपण वर जातोय, अलगद खाली येतोय, कसली घाई नाही. एकदा टाचेला काहीतरी लागलं. "हो," ते म्हणाले. मग पुन्हा नुसतं निळं, लांबच लांब निळं. किती छान. पण ही पोरगी करतेय तरी काय?

"हातांचं सुरू करा की," ते म्हणाले.

"होत आलं, काका."

त्यांनी डोळे उघडले. धागा त्यांच्या तर्जनीवर टेकून वाकला होता.

कुलूप नाही, पण आत माणूसही नाही, अशा दारांकडे बघावं तसे दाजी आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग सकाळी बोलत कोण होतं? जुन्या कातड्यांची आठवण? की आपलं आपणच?

ते ड्रमकडे परत आले तेव्हा मेहुणी शेवटचं कातडं गाडीवर ओढत होती.

"थांब. हे पुढे जाऊ द्यायचं नाही."

"आता काय झालं?"

"सकाळी मला काही कळलेलं नाही. कधीपासून कळत नाहीये, देव जाणे."

एरवी मेहुणीच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला असता, पण तिने त्यांचा चेहरा पाहिला. ती हातातला मोजा काढू लागली. "मी बघते. इतकी वर्षं तुमच्या शेजारी उभी आहे, येईल मलाही."

"येईल. म्हणूनच घाल तो परत."

"मोज्यातून कळत नाही म्हणता ना?"

"नाही कळत. नाही कळलं तरी चालेल." आवाज चढलाय हे त्यांच्या लक्षात आलं, मग ते हळू म्हणाले, "पातेलं ठेव शेगडीवर."

पातेलं म्हणजे आंधळ्यांची काठी, अशी दाजींनी आजवर त्याची टिंगल केली होती. पिकलेलं कातडं उकळत्या पाण्यात सपाट राहतं, कच्चं आक्रसतं. त्यांनी मानेकडचा तुकडा कापून पाण्यात सोडला. वाफेत दोघं वाकून उभी राहिली. तुकडा क्षणभर निवांत तरंगला. मग एक कड उचलली, दुसरी उचलली, आणि तो तान्ह्या बाळाच्या मुठीसारखा मिटत गेला.

"सगळी परत ड्रममध्ये," दाजी म्हणाले.

त्यांनी पाण्यात बोटं घालून तो तुकडा उचलला आणि तळहातावर धरून उलटासुलटा बघू लागले.

"दाजी," मेहुणी हलकेच म्हणाली, "भाजतंय."

"हो का?"

तिने मोजा घातलेला हात पुढे केला. त्यांनी तुकडा तिच्या हातावर ठेवला, आणि तो नीट ठेवला गेला ना, ते वाकून पाहिलं.