शनीजवळचे तीन दिवे

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर शनी, आणि त्याच्या बाजूला तीन ठिपके: तांबडा, हिरवा, निळा.

"हे माझेच तीन देह, कोटी प्रकाशवर्षांवरचे!" बाबा गरजले. "दर्शन घ्या आणि औषधाच्या गोळ्या फेका!" शनीवरून प्रकाश तास-दीड तासात पोहोचतो, पण बाबांचा आणि आकड्यांचा छत्तीसचा आकडा. टाळ्यांचा कडकडाट झाला.

बाबांशेजारच्या मानाच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. हे चित्र त्यांचं. एक्स-रे विभागातून निवृत्त झाल्यापासून एकट्या राहायच्या, आणि शनीभोवती फिरणाऱ्या यानाने पाठवलेली काळी-पांढरी चित्रं घरच्या संगणकावर रंगीत करायच्या. अकरा वर्षं त्यांच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. हे चित्र मात्र त्यांच्या ताईने बाबांना दाखवलं, आणि तेव्हापासून रोज कुणीतरी दार वाजवत होतं. ते त्यांना फार आवडत होतं. म्हणूनच ठिपक्यांचं खरं कारण ठाऊक असूनही त्या गप्प होत्या.

"ताई, रक्तदाबाची गोळी घेतलीस ना?" त्यांनी मागे वळून हळूच विचारलं.

"आठ दिवस झाले सोडून. तुझ्याच चित्राची कृपा!"

त्या रात्री बाईंनी कपाटातला कॅमेरा शोधून काढला.

दुसऱ्या दिवशी त्या कॅमेरा आणि तीन रंगांचे पारदर्शक कागद घेऊनच आल्या. "बाबा, फोटो काढू?"

"काढा की! भक्तांनो, ध्यान लावा. कुणी हलायचं नाही." स्वतः बाबा मात्र काळ्या पडद्यासमोर, पांढऱ्या कफनीत, आशीर्वाद देत फिरत राहिले. बाईंनी भिंगापुढे एकेक कागद धरून तीन फोटो काढले, संगणकावर एकत्र केले आणि मोठ्या पडद्यावर दाखवले. भक्त जसेच्या तसे. बाबा मात्र तीन: तांबडे, हिरवे, निळे!

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"यानाचा कॅमेराही एका वेळी एकच रंग टिपतो," बाई म्हणाल्या. "तेवढ्यात शनीचा चंद्र पुढे सरकला आणि एकाचे तीन झाले. एरवी मी ते हाताने जुळवते. त्या दिवशी कंटाळा केला. चमत्कार कसला, माझा आळस आहे तो. ताई, गोळी घे."

ताईने सगळ्यांसमोर गोळी गिळली आणि ती तडक निघून गेली. बाबा पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. लोक चपला शोधू लागले. उद्यापासून दार वाजणार नाही, हे बाईंना कळलं आणि फार वाईट वाटलं.

"माझ्यावरही विश्वास ठेवू नका," त्या पाठमोऱ्या गर्दीला म्हणाल्या. "कागद देते, कॅमेरा देते. स्वतः करून बघा. केव्हाही या. मी घरीच असते."