कौशल्याबाईनंतरची पाळी

त्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत दोन घरी एकदमच सुताला लावायची खळ शिजली, आणि कौशल्याबाई गेल्या म्हणजे काय गेलं, ते सगळ्यांना कळलं.

मित्रांनो, मी एक जुना कुंचा आहे. भंडाऱ्याकडच्या विणकरांच्या गल्लीत माझं आयुष्य गेलं. मागावर चढवायच्या उभ्या सुताचा ताणा गल्लीभर पसरायचा, त्याला खळ लावायची आणि माझ्या राठ केसांनी विंचरून तो उन्हात वाळवायचा. माग घरोघरी, पण गल्ली एक आणि कुंचाही एकच. म्हणून पाळी असे. ती, मी ज्याच्या घरी राहतो त्या खेमराजची बायको कौशल्याबाई ठरवत. यंदा, म्हणजे अठ्ठ्याहत्तर साली, त्या तापानं गेल्या.

त्या सकाळी मंगरू आणि बाबूलाल हे दोघे विणकर आपापले ताणे घेऊन समोरासमोर आले.

"बाबूलाल, उचल तुहा ताणा. वयनीनं मले सांगतलं होतं."

"वयनीले जाऊन पंधरवडा झाला. सपनात येऊन सांगतलं काय?"

कोणी हसलं नाही. भांडता भांडता ऊन चढलं. बाबूलालचं खळीनं ओलं झालेलं सूत ढिगातच चिकटलं आणि सोडवताना तुटत गेलं.

खेमराज मला घेऊन घरी आला. पाळी आता तोच ठरवू लागला. ओसऱ्यांवर जाऊन पुरुषांना विचारी. पाळी हातची जाऊ नये म्हणून जो तो म्हणे, "माहं सूत तयार हाये, भाऊ." सकाळी बघावं तर सूत अजून कांड्यांवरच गुंडाळलेलं, ताणा केलेलाच नाही! ज्याचं खरंच तयार, तो वाट बघत बसे.

"असंच चाललं तं आमी शेठचा तयार ताणा आनून त्याचंच कापड विनतो. मजुरी तं मजुरी," बाबूलाल म्हणाला.

खेमराजला त्या रात्री जेवण गेलं नाही.

कौशल्याबाई पुरुषांना विचारतच नसत. कांड्या भरतात बाया. त्या मागल्या दारानं जात, चुलीपाशी बसून भाजी निवडू लागत आणि मध्येच विचारत, "किती कांड्या रायल्या वं?" तिथं कोणी खोटं बोलत नसे.

एकदा खेमराजही मंगरूच्या मागल्या दारी गेला. मंगरूची बायको पुष्पाबाई पदर ओढून भिंतीकडे वळली.

"कोनी बाई पाठवा नं, भाऊजी. तुमाले कसं सांगू?"

"कोनाले पाठवू? घरी हाये कोन आता?"

ती चुलीतली लाकडं सारू लागली. तो परत आला.

मित्रांनो, मला ऊन दाखवा, उंदरांपासून जपा. पण घरातलं माणूस रोज काय करतं, तेही ते असतानाच विचारून घ्या.

मागल्या दारी जाणारं अजून कोणी मिळालेलं नाही. उद्याची पाळी ठरायची आहे.